वादळापूर्वींचे चोवीस तास

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्याचा किनारा उत्तरेकडून पाहत आलें म्हणजे केळशी, आंजर्लें, हर्णै, मुरूड, कर्दें, लाडघर अशीं गांवें ओळीनें लागतात आणि लाडघरच्या पुढें बुरोंडी येतें. तेथून दक्षिणेस कोळथरें, आणि मग दाभोळची खाडी. माथ्यावर जांभ्याचा सडा, उतारावर आंबा-काजू, पायथ्याशीं नारळी-पोफळींच्या बागा आणि मासेमारी करणारांचीं घरें, अशी या किनाऱ्याची सर्वसाधारण ठेवण आहे. वरच्या रस्त्यावरून खालच्या घरांकडे जाण्यास जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या असतात. बुरोंडीच्या सड्यावर परशुरामाचा भव्य पुतळा उभा राहिल्यापासून मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबें तेथवर मोटारीनें जातात, समुद्र डोळे भरून पाहतात आणि परत फिरतात. पाखाडी उतरून वाडींत जाणारे थोडे.

ती पाखाडी ज्याला एकट्यानें चढतां येत नाहीं, अशा माणसाचें वादळाच्या दिवशीं काय होतें आणि काय व्हावयास हवें, हा या भाषणाचा विषय आहे. विषय खेड्याचा दिसला तरी तो शहरांतील श्रोत्यांपासून दूर नाहीं. मुंबई-पुण्याच्या किती तरी चाकरमान्यांच्या घरचीं वडीलधारीं माणसें अशाच एखाद्या पाखाडीच्या खालीं राहतात. त्यांत कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची दृष्टि मंदावलेली, कोणाला अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळविलेलें. आणि कोणाच्या घरीं जन्मापासून न बोलणारा, न ऐकणारा किंवा उशिरां समजणारा भाऊ.

ता. ३ जून २०२० ची गोष्ट बहुतेकांच्या स्मरणांत असेल. अरबी समुद्रांत १ जूनला कमी दाबाचें क्षेत्र बळावलें, २ जूनच्या दुपारीं त्याला चक्रीवादळ म्हणून ‘निसर्ग’ हें नांव मिळालें, आणि ३ जूनच्या दुपारीं तें अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर चढलें. नांव मिळाल्यापासून किनारा गांठीपर्यंत जेमतेम एक अहोरात्र गेलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत त्याहूनहि जोराचे होते. वादळाचा डोळा दापोलीवरून गेला नाहीं, तो उत्तरेस राहिला; मग दापोली-मंडणगडच्या किनाऱ्याची इतकी दैना कां झाली, असें पुष्कळांना वाटतें. त्याचें कारण सरळ आहे. आपल्या गोलार्धांत चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरतो. वादळ स्वतः ज्या दिशेनें सरकत असतें, त्या दिशेच्या उजव्या हातास वाऱ्याच्या वेगांत वादळाच्या चालीचा वेग मिळतो, डाव्या हातास तो वजा होतो. निसर्ग वादळ ईशान्येकडे सरकत होतें, तेव्हां त्याचा उजवा हात म्हणजे श्रीवर्धनच्या खालचा, मंडणगडचा आणि दापोलीचा किनारा. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो; वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. म्हणूनच वर्षानुवर्षें पावसाळी वारे सोसलेलीं कौलें त्या एका दुपारीं पाखरांसारखीं उडालीं.

नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वांकले, दूरध्वनीचे मनोरे मुके झाले. कांहीं गांवांत वीज परत येण्यास आठवडे लागले. आणि हें सर्व करोनाच्या साथींत, जेव्हां माणसानें माणसाजवळ जाण्याचीच चोरी होती.

वादळानें झालेली हानि मोजतांना घरें, झाडें, होड्या मोजल्या जातात आणि तें योग्यच आहे. पण वादळ एक अशी वस्तु नेतें कीं, तिची नोंद कोणत्याहि पंचनाम्यांत होत नाहीं. अपंग मनुष्य आपलें आयुष्य एका ठराविक मांडणीवर उभें करीत असतो. आंधळ्या माणसाला घरापासून विहिरीपर्यंतचीं पावलें ठाऊक असतात. डावीकडे गडगा, उजवीकडे फणस, मग तीन पायऱ्या. वादळानंतर फणस वाटेंत आडवा, गडगा ढासळलेला आणि त्यावरून विजेची तार लोंबत असते. ज्या वाटेनें तो तीस वर्षें काठीशिवाय गेला, तीच वाट त्याच्या जिवाला धोक्याची होते. डोळसाला हा बदल दिसतो. त्याला तो पाय अडखळल्यावर समजतो.

बहिऱ्या माणसाची अडचण निराळी. तो हातांच्या खुणांनीं बोलतो, समोरच्याचे ओंठ पाहून समजतो. म्हणजे त्याची भाषा उजेडावर चालते. वीज गेली, रात्र पडली कीं त्याचें बोलणेंच बंद पडतें. साथीच्या दिवसांत सर्वांनीं तोंडें झांकलीं तेव्हां ओंठांची भाषा दिवसाउजेडींहि संपली. अशा घरांत विजेरी ही चैनीची वस्तु नसून ती त्या माणसाची जीभ आहे आणि कान आहे, हें घरच्यांनीं ओळखलें पाहिजे.

ज्यांचा श्वास यंत्रावर आहे, त्यांच्याविषयीं थोडा हिशेब मांडला म्हणजे गोष्ट ध्यानांत येईल. हवेंतून प्राणवायु वेगळा काढून देणारें घरगुती यंत्र सुमारें ३५० वॅट वीज घेतें. घरांतील इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची असली, तर तिच्यांत १८०० वॅट-तास मावतात. भागाकार केला तर पांच तासांच्या आसपास उत्तर येतें, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. वीज आठवडाभर नाहीं आणि बॅटरी पांच तासांची, असें हें गणित आहे. याउलट १५०० लिटर प्राणवायूचा लहान सिलिंडर मिनिटास २ लिटर या मानानें साडेबारा तास पुरतो. म्हणजे असा रुग्ण घरांत असेल तर भरलेला सिलिंडर आधीं आणून ठेवणें हा एक उपाय, आणि वादळ येण्यापूर्वीं रुग्णालय जवळ असलेल्या ठिकाणीं त्याला हलविणें हा दुसरा. दोहोंत दुसरा चांगला. तिसरा उपाय नाहीं.

आतां इशाऱ्याविषयीं. हवामान खातें चक्रीवादळाच्या सूचना टप्प्याटप्प्यानें देतें. पहिली पूर्वसूचना ७२ तास आधीं, मग ४८ तास आधीं सावधानतेची, मग २४ तास आधीं इशाऱ्याची. आणि अखेरची, वादळ जमिनीवर आल्यावर कोठें जाईल हें सांगणारी, १२ तास आधीं. निसर्गाच्या बाबतींत पाहिलें तसे हे तास नेहमीं पुरतेपणीं हातीं लागतातच असें नाहीं.

सूचना निघणें ही एक गोष्ट आणि ती पोंचणें ही दुसरी. जुन्या काळीं गांवांत दवंडी पिटीत. ती कानाला कळे, डोळ्याला नाहीं. बंदरावर बावटा लागे. दिवसा शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे. तो डोळ्याला कळे, कानाला नाहीं. दवंडीनें बहिरा सुटला आणि बावट्यानें आंधळा सुटला. आजचीं साधनें नवीन असलीं तरी ही अडचण बदललेली नाहीं. भोंगा लावून फिरणारी रिक्षा ही दवंडीच आहे, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आलेला छापील संदेश हा बावटाच आहे. २०२३ मध्यें देशभर ज्या नव्या सूचनापद्धतीची चांचणी झाली, तींत भ्रमणध्वनि मोठ्यानें वाजतो, थरथरतो आणि पडद्यावर मजकूरहि उमटतो. कान, डोळा आणि हात या तिघांनाहि एकदम हांक मारण्याची ही योजना चांगली आहे. परंतु मनोरा कोसळला कीं तीहि थांबते, आणि घरच्यांचा भ्रमणध्वनि कोणा एकाच्या खिशांत समुद्रावर गेलेला असला तर ती मुळांत घरांत पोंचतच नाहीं. तेव्हां अमुक घरीं जाऊन दार ठोठावून अमुक माणसाला सांगावयाचें, हें काम एका ठराविक शेजाऱ्याकडे सोंपविल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

येथें कायदा काय म्हणतो तें सांगितलें पाहिजे, कारण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. त्याच्या ८ व्या कलमांत, धोक्याच्या आणि नैसर्गिक आपत्तींच्या वेळीं अपंगांना इतरांच्या बरोबरीनें संरक्षण मिळालें पाहिजे, असें स्पष्ट सांगितलें आहे. त्याच कलमानें प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणावर दोन कामें टाकलीं आहेत: जिल्ह्यांतील अपंगांची तपशीलवार नोंद ठेवणें आणि धोक्याची सूचना त्यांना समजेल अशा योग्य रीतीनें पोंचविणें. राष्ट्रीय प्राधिकरणानें २०१९ सालीं याच विषयावर मार्गदर्शक सूचनाहि प्रसिद्ध केल्या. म्हणजे नोंद ठेवा अशी याचना करण्याचें कारण नाहीं. ती मागण्याचा हक्क आहे.

ही नोंद किती मोठी असेल? २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत २९ लाख ६३ हजारांवर अपंग व्यक्ति मोजल्या गेल्या. दर हजार माणसांमागें सुमारें २६. दोन हजार वस्तीचें गांव घेतलें तर पन्नासएक नांवें. जनगणनेनंतर कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार २१ केले, आणि म्हातारपणानें अधू झालेलीं माणसें तर बहुधा कोणत्याच नोंदींत नसतात, तेव्हां खरा आंकडा मोठा निघेल. तरी तो एका वहींत मावेल इतकाच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं, रत्नागिरीस, संगणकांत ठेवलेली यादी ३ जूनसारख्या दुपारीं बुरोंडीच्या उपयोगी पडणार नाहीं. रस्त्यावर झाडें पडलेलीं आणि तारा तुटलेल्या असतात. यादी वाडींतच हवी. ती ग्रामपंचायतींत एक, आशाताईंकडे एक, अंगणवाडींत एक, अशी कागदावर लिहिलेली हवी, आणि दरवर्षीं मे महिन्यांत तपासलेली हवी. कारण गेल्या वर्षींचा चालता माणूस यंदा अंथरुणावर असूं शकतो.

त्या वहींत नुसतें नांव आणि अपंगत्वाचा प्रकार लिहून भागत नाहीं. ‘पायांनीं अधू’ एवढ्यानें काय समजावें? तो दोन माणसांच्या आधारानें चालतो कीं उचलूनच न्यावा लागतो? घर पाखाडीच्या कितव्या वळणावर आहे? रात्रीं तो कोणत्या खोलींत निजतो? कोणतें औषध एक दिवसहि चुकून चालत नाहीं? फेंपऱ्याच्या रोग्याचें नेहमींचें औषध एकाएकीं बंद पडलें तर झटके उलटतात, हें बरोबर जाणाऱ्याला माहीत असलें पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे त्या नांवापुढें आणखी दोन नांवें हवींत, मदतीला जाणाऱ्या शेजाऱ्यांचीं. एकच नांव लिहिणें फसवें आहे. तो शेजारी त्या दिवशीं दापोलीस बाजाराला गेलेला असूं शकतो. घरचा माणूस हाहि पुरेसा नाहीं. मासेमारीच्या गांवांत घरचा कर्ता पुरुष वादळाच्या आदल्या दिवशीं होडी वर ओढण्याच्या घाईंत असतो. आणि ‘फयान’ वादळ नोव्हेंबर २००९ मध्यें आलें तेव्हांप्रमाणें, कधीं तो समुद्रावरच अडकलेला असतो.

हा विचार एकट्या कोंकणचा नव्हे. जपान हा आपत्तींच्या तयारींत जगाचा गुरु मानला जातो. तरी तेथें २०११ च्या मार्चमध्यें भूकंप होऊन समुद्र आंत घुसला, तेव्हां बुडालेल्या किनाऱ्यावरील अपंगांतील मृत्यूचें प्रमाण एकंदर लोकांतील प्रमाणाच्या सुमारें दुप्पट निघालें. भिंती होत्या, भोंगे होते, सराव होते. परंतु अमक्याला कोणीं न्यावयाचें हें ठरलेलें नव्हतें. त्यानंतर २०१३ सालीं तेथील कायद्यानें प्रत्येक नगरपालिकेला, ज्यांना स्वतः हलतां येत नाहीं अशांची यादी करण्याचें बंधन घातलें. तरीहि यादीचें काम यादीपाशींच थांबूं लागलें, म्हणून २०२१ सालीं पुढचें पाऊल टाकून प्रत्येक माणसाची वेगळी योजना, म्हणजे तो कोणाबरोबर, कोणत्या वाटेनें, कोठें जाणार हें लिहून ठेवण्याचा प्रयत्न करणें हें नगरपालिकांचें कर्तव्य ठरविलें. इतक्या श्रीमंत आणि शिस्तीच्या देशाला दहा वर्षांनीं जें उमगलें, तें एखाद्या वाडीनें एका संध्याकाळीं अंगणांत बसून करण्यासारखें आहे. तेथें पैशापेक्षां ओळख लागते, आणि ती वाडीजवळ भरपूर आहे.

आतां हलविण्याची वेळ. ज्याला वेळ जास्त लागतो त्यानें आधीं निघावें, हा नियम इतका उघड आहे कीं तो मोडला जातो हेंच आश्चर्य. समजा, धडधाकट माणसाला एक पाखाडी चढण्यास दहा मिनिटें लागतात. चौघांनीं खुर्चींत बसवून एकाला वर न्यावयाचें तर मध्यें टेंकावें लागतें, हात बदलावे लागतात. अर्धा तास धरला पाहिजे. ते चौघे परत खालीं येऊन दुसऱ्याला नेणार. वाडींत असे पांच असले तर तीन तास गेले. आणि वारा ताशीं साठ-सत्तर किलोमीटरांवर पोंचला कीं भिजलेल्या जांभ्यावर ओझें घेऊन चढणें कोणालाच शक्य नसतें. म्हणून २४ तासांचा इशारा हा इतरांकरितां सामान आवरण्याचा असला तरी या पांच जणांकरितां तो निघण्याचा आहे. प्रत्यक्षांत याच्या उलट घडतें. सर्व मंडळी वर जातात, आणि ‘आजोबांना शेवटीं नेऊं, त्यांना तेथें उगाच ताटकळत कशाला बसवा’ अशा मायेपोटींच आजोबा मागें राहतात.

उचलण्याची रीत आधीं ठरवावी. कोंकणांत डोंगरवाटेनें आजाऱ्याला डोलींतून नेण्याची पद्धत जुनी आहे; बांबू, चादर आणि दोन जोडपीं खांदे एवढें तीस पुरतें. परंतु ज्याच्या पाठीच्या कण्याला इजा झालेली आहे, त्याला झोळींत दुमडणें हानिकारक. त्याला फळीवर किंवा ताठ पाठीच्या खुर्चींत बांधून न्यावें. चाकांची खुर्ची माणसासह उचलावयाची असेल तर तिचे हात आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या बहुधा निघणाऱ्या असतात. त्यांना धरलें तर त्या हातांत येतात आणि माणूस पडतो. मुख्य सांगाडाच धरला पाहिजे. आणि तो कोठें धरावा हें त्या खुर्चींत बसणाऱ्याइतकें दुसऱ्या कोणालाहि ठाऊक नसतें. म्हणून पहिलें काम त्याला विचारण्याचें. आंधळ्या माणसाचें दंड पकडून ओढूं नये. आपलें कोंपर पुढें करावें, तो स्वतः धरतो आणि अर्धें पाऊल मागें चालतो. बहिऱ्याच्या पाठीमागून ओरडण्यांत अर्थ नाहीं. समोर येऊन, विजेरीचा प्रकाश त्याच्या डोळ्यांवर न पाडतां आपल्या चेहऱ्यावर व हातांवर पाडावा. जवळ पाटी आणि खडू असला तर उत्तम.

आणि बरोबर काय न्यावें, याचा एक नियम असा कीं माणसाबरोबर त्याचें साधनहि गेलें पाहिजे. कुबडी, पांढरी काठी, चाकांची खुर्ची, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र आणि त्याच्या लहान बॅटऱ्या. ‘आधीं माणूस नेऊं, खुर्ची मागून आणूं’ असें म्हणून घरांत राहिलेली खुर्ची छपराखालीं चेंगरते, आणि मग पुढचे कित्येक महिने त्या माणसाला जमिनीवरून सरपटावें लागतें. औषधें निदान सात दिवसांचीं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, दिव्यांग ओळखपत्र आणि आधारपत्र एका जाड प्लास्टिकच्या पिशवींत घालून दाराजवळ खुंटीला टांगून ठेवावीं. पिशवी कपाटांत ठेवूं नये, कारण अंधारांत कपाट सांपडत नाहीं.

निवारा म्हणजे बहुधा गांवची शाळा. शाळेंत जाण्यास दोन-तीन पायऱ्या असतातच. त्यांवर लांकडी उतरण टाकणें हें सुताराचें अर्ध्या दिवसाचें काम आहे. महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींनीं स्वतःच्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम अपंगांसाठीं खर्च करावयाची असते; उतरण, एक घडीची खुर्ची आणि कमोडाची एक बैठक यांहून त्या पैशाचा चांगला उपयोग कोणता? बैठकीचा उल्लेख कोणाला अप्रस्तुत वाटेल, पण शौचाची सोय नाहीं म्हणून पाणीच न पिणारे अपंग पुरुष आणि विशेषतः स्त्रिया निवाऱ्यांत असतात, आणि वादळ ओसरल्यावर त्या मूत्रविकारानें रुग्णालयांत जातात. ज्यांच्या कमरेखालीं संवेदना नाहीं, त्यांना शहाबादी फरशीवर एका कुशीवर तासन् तास ठेवलें तर अंगाला क्षतें पडतात आणि तीं महिनोन् महिने भरत नाहींत. दर दोन तासांनीं कूस बदलणें आणि खालीं जाड गादी असणें याला पर्याय नाहीं. आणि मतिमंद किंवा स्वमग्न मुलाला गर्दी, काळोख आणि पत्र्यांचा आवाज एकदम सोसत नाहीं. तें किंचाळतें, धांवतें, आणि लोक त्याच्या आईला बोल लावतात. अशा मुलाला आधीं एक-दोनदां ती शाळा दाखवून आणावी, कोपऱ्यांतील एक जागा त्याची म्हणून ठरवावी, आणि त्याची नेहमींची चादर किंवा खेळणें बरोबर घ्यावें. आईचें हें बोलणें पुष्कळदां फाजील लाड म्हणून उडवून लावलें जातें. तें लाड नव्हेत.

येथवरचें सारें वादळाविषयीं, कारण वादळ निदान एक दिवस आधीं कळतें. पूर इतकी सवड देत नाहीं. ता. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणांत पहाटेच्या अंधारांत पाणी चढूं लागलें आणि खालच्या मजल्यांवरील लोकांना अंगावरच्या वस्त्रांनिशीं वर जावें लागलें. नदीकांठच्या शहरांत ज्या घरीं न चालणारा माणूस आहे, त्या घरानें पावसाळ्याचे चार महिने त्याचें अंथरूण वरच्या मजल्यावर हलवावें, किंवा वरच्या शेजाऱ्याशीं आधींच बोलून ठेवावें. मुंबईकरांसहि २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उंच इमारतीचा पाळणा विजेवर चालतो, आणि वीज गेली कीं नवव्या मजल्यावरील चाकांच्या खुर्चींतला माणूस बुरोंडीच्या पाखाडीखालच्या माणसाइतकाच अडकतो. फरक एवढाच कीं पाखाडीखालच्याला शेजारी नांवानें ओळखतात.

बाहेरगांवीं राहणाऱ्या नातलगांना एक काम खास आहे. वादळाच्या दुपारीं मुंबईहून शंभर वेळां फोन लावून तो लागत नाहीं, आणि त्यापासून काळजीखेरीज कांहीं निष्पन्न होत नाहीं. तो फोन मे महिन्यांत लावावा, आणि तो आईला नव्हे तर आईच्या शेजाऱ्याला लावावा. आई ‘मला काय झालंय, मी येथेंच बरी’ असेंच सांगणार. शेजाऱ्याला विचारावें: इशारा आला तर हिला कोण नेणार, कोठें नेणार, आणि तुम्ही गांवांत नसलां तर दुसरें कोण? तीं दोन नांवें आणि त्यांचे क्रमांक मुंबईच्या घरीं आणि गांवच्या घरीं, दोन्हीकडे भिंतीवर लिहून ठेवावे. जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि सर्व तातडीच्या मदतीचा ११२ आहे; तेहि त्याखालीं लिहावे.

अरबी समुद्रांतील वादळें बहुधा मे-जूनमध्यें, आणि पुन्हां पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें येतात. ‘तौक्ते’ हें २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावरच कोंकणच्या किनाऱ्यालगत गेलें. तेव्हां तालीम करावयाची ती एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभीं, शाळेला सुटी असतांना आणि चाकरमानी गांवीं आलेले असतांना करावी. एका सकाळीं खरोखरच आजोबांना खुर्चींत बसवून पाखाडी चढवून शाळेपर्यंत न्यावें, आणि घड्याळ पाहावें. पहिल्या खेपेस आजोबा रागावतील. दोन गोष्टी मात्र त्या सकाळीं हमखास कळतात: पाखाडीच्या कोणत्या वळणावर खुर्ची फिरत नाहीं, आणि घराच्या कोणत्या दारांतून ती बाहेर निघत नाहीं. दार दोन इंच रुंद करून घेण्यास आणि वळणावरचा एक जांभा काढून टाकण्यास पावसापूर्वीं गवंडी आणि सुतार दोघेहि मिळतात.